पाणी सरळच होतं

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, मासे कुठे गेले?" मी म्हटलं, पाणी बदलायचं म्हणून काढून ठेवलेत. धाकटीनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, "आणि छोटी आजी? ती का येत नाही हल्ली फोनवर?" आजोबा हळूच फोनच्या चौकटीतून बाजूला सरकले. मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवून दिला.

आवाज तुटत नव्हता आणि पाणीही बदलायचं नव्हतं. तीस वर्षं मी इंग्रजी माध्यमाच्या मुलांना भूगोल शिकवला. उत्तर चुकलं की नुसती लाल रेघ मारून मी कधी वही परत दिली नाही. पूर्ण उत्तर पुन्हा लिहून आणायला लावलं. तेव्हा माझंही उत्तर पुन्हा लिहिते. मासे आता आमच्याकडे नाहीत. छोटी आजी शेजारीच आहे, तिची तब्येत चांगली आहे, पण गेले तीन आठवडे मी तिच्याशी कामापुरतं सोडून बोललेले नाही. आजोबांशीही फारसं नाही. पहिल्यासारखं बोलता येईल की नाही, हे मला ठाऊक नाही. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी माझ्याकडून पोचावं. मराठी वाचताना अडलं तर बाबांना विचारा.

आमची दोन घरं तुम्ही पाहिलीत, पण तेव्हा लहान होतात. आजोबांच्या वडिलांनी नंदुरबारच्या या कॉलनीत एक प्लॉट घेतला होता. गावाकडची शेती दोघा भावांत वाटली तसा हा प्लॉटही मधोमध वाटला गेला. पूर्वेचा अर्धा आमचा, पश्चिमेचा आजोबांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे तुमच्या छोट्या आजोबांचा. दोन घरांना मधली भिंत एकच. मागचं अंगण मात्र सामाईक ठेवलं, म्हणजे बायकांना जायला-यायला रस्त्यावरून फिरून जावं लागू नये. छोटे आजोबा तीन वर्षांपूर्वी अचानक गेले, हृदयविकारानं. त्यांचा मुलगा सुरतेला नोकरी करतो. छोटी आजी त्या घरात एकटी असते.

ती माझी जाऊ. मला जिजी म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा मला अहिराणीचं अक्षर येत नव्हतं आणि चुलीवरची भाकरी तर त्याहून नाही. माझं पुस्तकी मराठी ऐकून ती तोंडाला पदर लावून हसायची, आणि हसता हसताच मला दोन्ही शिकवायची. मी शाळेत जायची, ती माझी मुलं सांभाळायची. तुमच्या बाबांना ताप आला की आधी तिच्याकडे धाव असायची, मग डॉक्टरकडे.

एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. तिच्या लेखी आजोबा म्हणजे जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. जेठासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या पुढ्यात बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही इथली जुनी रीत. इतर घरांत ती केव्हाच सैल झाली. छोटी आजी मात्र हट्टानं पाळत आली. काही सांगायचं असलं की ती दारात उभी राहून माझ्याकडे बघून म्हणायची, "जिजी, भाऊसले सांगा, मोटर चालूच ऱ्हाई गयी." भाऊ म्हणजे आजोबाच. ते चार हातांवर बसलेले असायचे, त्यांनी स्पष्ट ऐकलेलं असायचं. तरी मी मान वळवून सांगायची, "अहो, मोटर चालू राहिलीय." ते म्हणायचे, "तिला सांग, बंद करतो." मी पुन्हा मान वळवायची.

एकदा मी शाळेत असताना मागच्या अंगणात साप निघाला. छोटी आजी ओरडली, "जिजी, भाऊसले सांगा, साप शे!" आजोबा काठी घेऊन धावत आले ते ओरडतच, "तिले सांग, मांगे सरक!" मी तेव्हा दोन किलोमीटरवर नववीच्या वर्गात मोसमी वारे समजावून सांगत होते. हा किस्सा आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितला गेला आहे आणि सगळ्यांत जास्त मी हसले आहे.

मला ते आवडायचं, हे कबूल करते. चाळीस वर्षं या दोन घरांमधला प्रत्येक शब्द माझ्या हातून गेला. कधी कधी मी त्यात फेरफारही केला. आजोबा म्हणायचे, "तिला सांग, जमणार नाही म्हणजे नाही." मी सांगायची, "भाऊ म्हणताहेत, बघू." दोन्ही घरं गुण्यागोविंदानं नांदली ती माझ्यामुळे, असा माझा समज होता.

आता माशांचं. तुमच्या आईला बाळ झालं तेव्हा मी पाच महिने तुमच्याकडे होते. आजोबा थंडीच्या भीतीनं आले नाहीत. छोटी आजी त्यांना दोन वेळचा डबा देत होती, म्हणून मी निर्धास्त होते. तिकडे तुम्हा दोघांतल्या मोठ्यानं मला त्याचा फिशटँक दाखवला, फिल्टर कसा धुवायचा, पाणी एकदम सगळं का बदलायचं नाही, सगळं शिकवलं आणि निघताना वचन घेतलं की नंदुरबारला गेल्यावर मीही एक ठेवीन, म्हणजे फोनवर एकमेकांचे मासे बघता येतील. वचन मी पाळलं. दीडशे लिटरची काचेची टाकी इथल्याच काचवाल्याकडून करून घेतली, लोखंडी स्टँड वेल्डिंगवाल्याकडून, आणि मासे सुरतेहून रेल्वेनं आणवले. आठ काळ्या-पांढऱ्या मॉली आणि एक तळाशी काचेला चिकटून बसणारा.

जागा मी आधीच ठरवली होती. हॉलचा पश्चिमेकडचा कोपरा, शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीपाशी. तिथे ऊन येत नाही आणि प्लग जवळ आहे. आजोबा म्हणाले, "इथे नको. दिवाणापाशी ठेव."

"का?"

"असंच. उजेड चांगला आहे तिकडे."

"उजेड नकोच असतो. शेवाळ धरतं."

"मग स्वयंपाकघराच्या दारापाशी?"

"फोडणीचा धूर? माशांना?"

त्यांनी पेपर उघडला. मला वाटलं, मुद्दा पटला.

टाकी ठेवायच्या दिवशी मी गवंड्याची पाणसळ मागून आणली होती. ती पितळी पट्टी, मध्ये काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि हवेचा बुडबुडा. बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मध्ये होता, लांबीतही आणि रुंदीतही. टाकीखाली थर्माकोलची शीट घातली, पाणी भरलं. वरच्या काठापासून पाणी दोन्ही टोकांना सारखं होतं. मी पट्टीनं मोजून वहीत लिहून ठेवलं.

दोन महिन्यांनी मोठाच फोनवर म्हणाला, "आजी, तुझं पाणी तिरकं आहे."

मी म्हटलं, "पाणी कधी तिरकं होत नसतं, राजा. तिरकी झाली असेल तर टाकी." आणि फोन ठेवल्यावर पट्टी घेऊन गेले. भिंतीकडच्या टोकाला पाणी काठाच्या तीन मिलिमीटर जवळ आलं होतं. म्हणजे ते टोक खाली गेलं होतं.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. आधी मासे बादलीत काढायचे, मग टाकी निम्म्याहून जास्त उपसायची, कारण भरलेल्या टाकीखाली पाचर मारली तर काचेच्या सांध्यावर ताण येऊन टाकी फुटते. मग स्टँडच्या दोन पायांखाली पॅकिंग घालायचं, पाणसळ लावायची, पुन्हा भरायचं. पॅकिंग आजोबा करून द्यायचे. प्लायचे चौकोनी तुकडे, कडा पॉलिशपेपरनं घासून, पाठीवर जाडी पेन्सिलीनं लिहून. मी गुडघ्यांवर बसायची, ते बॅटरी धरायचे आणि म्हणायचे, "अजून केसभर. हां. थांब." इतक्या वर्षांत त्यांनी घरातल्या कामात माझ्याबरोबर एवढा वेळ कधी घालवला नव्हता. मी तुमच्या बाबांना कौतुकानं सांगितलंही होतं की रिटायर होऊन बारा वर्षं झाल्यावर का होईना, माणूस हाताशी आलाय.

तीन मिलिमीटर भरून काढले की महिन्याभरात पुन्हा दोन. ते काढले की पुन्हा तीन. पावसाळ्यात तर आठ दिवसांत चार. भिंतीवर, टाकीच्या थोडं वर, आजोबांनी एक कॅलेंडर लावलं होतं, नेहमीपेक्षा फार खाली. मी म्हटलं, तारखा बघायला वाकावं लागतंय. ते म्हणाले, मासे बघता बघता तारीखही दिसते.

मी दोष स्टँडला दिला. वेल्डिंगवाल्याला बोलावून त्याला चार शब्द सुनावले. त्यानं स्टँड रिकामा करून घेतला, उलटा केला, चारही कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला आणि माझ्यासमोर धरला. "मॅडम, स्टँड मन्हा बराबर शे. जमीन तुमनी खाले चालनी."

मला त्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं, तो खोटा ठरावा म्हणून. आमच्या दोन्ही घरांचं सगळं काम हा एकच गवंडी करतो. आजोबा त्या दिवशी बँकेत गेले होते. गवंड्यानं उकिडवं बसून करणीच्या मुठीनं फरशी वाजवली. हॉलच्या मध्ये ठण्ण. कोपऱ्याकडे जाता जाता आवाज बदलत गेला, आणि भिंतीपाशी तर रिकाम्या डब्यासारखा.

"पोकळ शे खाले," तो म्हणाला. "भराव सरकी गया. मी तवयच भाऊसले सांगेल व्हतं, भिंतले इतला लागीसन हौद खोदू नका. काळी माती शे."

"कुठला हौद?"

त्यानं वर पाहिलं. "शेजारना. ईशान्येना." मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही पोरंकडे गयेल व्हत्यात ना, तवयना. तुमले माहीत नही का, मॅडम? भाऊ तं सोता उभा ऱ्हायेल व्हतात." आणि तो हातातच असलेली करणी पिशवीत शोधायला लागला.

मी कॅलेंडर उचललं. मागे भिंतीत बोट जाईल एवढी चीर होती, आणि ती कधीतरी पुट्टीनं बुजवून पुन्हा उघडलेली होती.

ईशान्येचा हौद म्हटल्यावर मला जुना प्रसंग आठवला. घरं बांधली तेव्हाच छोट्या आजोबांना जमिनीखालचा हौद तिथे, म्हणजे आमच्या भिंतीला लागून करायचा होता. इथे नळाला पाणी दोन-तीन दिवसांनी येतं, साठवण सगळ्यांनाच लागते, आणि वास्तूप्रमाणे पाणी ईशान्येला हवं. मी विरोध केला. कागदावर दोन्ही घरांचा नकाशा काढला, लाल पेन्सिलीनं पाया, निळ्यानं हौद, आणि समजावून सांगितलं की ही तापीच्या खोऱ्यातली काळी माती आहे, ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, पायाजवळ खणून पाणी मुरवलं तर दोन्ही घरं धोक्यात. छोटे आजोबा मला मानायचे. त्यांनी नकाशाची घडी करून खिशात ठेवली आणि हौद आमच्यापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात केला, नैर्ऋत्येला. पस्तीस-छत्तीस वर्षं तो तिथे होता. मला वाटत होतं, अजून तिथेच आहे.

आजोबा आले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

"अहो, शेजारच्या हौदाचं तुम्हाला माहीत होतं?"

"कोणत्या हौदाचं?"

"किती आहेत?"

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तू तिकडे बाळंतपणात होतीस. तुला कशाला घोर लावायचा."

"मी परत आले त्याला वर्ष होत आलं."

"तोवर काम झालं होतं. मग सांगून काय उपयोग?"

"आणि दर रविवारी मी गुडघ्यांवर बसून पॅकिंग घालत होते, तेव्हा?"

"मी बॅटरी धरली होती की."

"तेच म्हणतेय मी."

त्यांनी खिशातलं पासबुक काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू लगेच जाऊन तिला बोलली असतीस. तिचं एक कारण होतं. ते मी सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं."

आमचं. हा शब्द त्यांनी चाळीस वर्षं आमच्या दोघांसाठी वापरला होता.

मी मागच्या अंगणातून छोट्या आजीकडे गेले. तिच्या घराच्या त्या कोपऱ्यात जुन्या चादरीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मिरच्यांचे दिवस होते, त्यात नवल नाही. पण तिथेच उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी परत आल्यापासून त्या जागी काही ना काही वाळतच होतं. पापड, मग गहू, मग कुरडया, पावसाळ्यात काहीच नाही तर पालथी घातलेली घमेली. मी चादरीचं टोक धरून ओढलं. मिरच्या एका बाजूला घरंगळल्या. खाली नवीन फरशी आणि लोखंडी झाकण.

छोटी आजी दारात आली. माझ्याकडे, मग झाकणाकडे बघून तिनं मिरच्या गोळा करायला सुरुवात केली.

"हे काय आहे?"

"जिजी, बठा ना. चहा ठेवस."

"भाऊंशी कोण बोललं? तुझा मुलगा?"

"मीच."

"तू? कशी?"

तिनं मिरच्यांवरून नजर काढली नाही. डबा द्यायला आली होती म्हणे. आजोबा टेबलाशी जेवायला बसले होते. "तुमनी खुर्ची रिकामी व्हती. तिनाकडे दखीसन बोलनू. जिजी, भाऊसले सांगा, माले हौद ईशान्येले करना शे."

"आणि ते?"

"तेबी खुर्चीकडेच दखेत. म्हनेत, तिले सांग, कर."

"आणि मला सांगायचं नाही, हे?"

तिचे हात थांबले.

"सांग. कसं म्हणालीस, तसंच सांग."

फार हळू म्हणाली ती, "जिजी, भाऊसले सांगा, जिजीले काई सांगू नका."

ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या घरातली असती तर मी पोट धरून हसले असते. तुम्हीही कदाचित हसाल, हसलात तर मी रागावणार नाही. पण तेव्हा मला त्या दोघांच्या मधली ती रिकामी खुर्ची दिसत होती. मी नसतानाही त्यांना मी लागत होते, माझ्याचपासून लपवण्यासाठी.

मी विचारलं, "का पण? पूर्वीचा हौद काय वाईट होता?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "नकाशा तुम्ही काढेल व्हता, जिजी."

मला कळेना. मग ती सांगत गेली. छोटे आजोबा गेल्यावर तिच्या मुलानं सुरतेहून एका वास्तूवाल्याला आणलं होतं. त्यानं घर फिरून पाहिलं आणि नैर्ऋत्येच्या हौदापाशी थांबला. म्हणाला, इथलं पाणी घरच्या कर्त्या माणसाला खाऊन टाकतं.

"आणि तुला ते पटलं?"

"माले काई समजत नही, जिजी. पन मानूस तं गया ना."

"म्हणजे माझ्या नकाशामुळे गेला?"

ती पुन्हा मिरच्यांकडे वळली. तिला खोटं बोलता येत नाही, हे मी तिचा मोठा गुण म्हणून सगळ्यांना सांगत आले आहे.

"तीन वर्षं हे मनात ठेवून तू रोज माझ्याकडे चहाला येत होतीस?"

"मंग कोठे जाऊ?" ती म्हणाली.

मी घरी आले. काळ्या मातीबद्दल मी बरोबर होते. आमची भिंत त्याचा पुरावा आहे. पण बरोबर असण्याचा मला त्या संध्याकाळी काडीचाही उपयोग झाला नाही. ज्या बाईनं माझी मुलं वाढवली, ती तीन वर्षं माझ्या हातचा कप घेताना माझ्याकडे तशा नजरेनं बघत होती आणि मला ते एकदाही दिसलं नाही. मी आजोबांना विचारलं, "तुम्हालाही वाटतं, माझ्या नकाशामुळे तुमचा भाऊ गेला?"

ते म्हणाले, "तसं नाही गं, पण..."

मी वाट पाहिली. अर्ध्या वाक्यावर थांबलेल्या मुलाला मी वर्गात कधी खाली बसू दिलं नाही. त्यांना बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीनंच टाकी उपसली. मासे आणि टाकी माझ्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत देऊन आले. तिथली शहाबादी फरशी घट्ट आहे, मुलं लक्ष देतात, मॉलींना पिल्लं झाली असं कळलंय. त्या मजेत आहेत, एवढं मात्र अगदी खरं.

पण भिंतीचं काही तरी करावंच लागणार होतं. गवंड्यानं सांगून ठेवलं होतं की हौद रिकामा करा, पायाशी काँक्रीट भरू, दोन्हीकडची फरशी उखडून भराव नव्यानं ठोकू, आणि हे लवकर करा. चार दिवस दोन्ही घरं वाट बघत राहिली. कशाची, ते मला पाचव्या दिवशी कळलं. मी हॉलमध्ये टाकीचे पाण्याचे डाग पुसत होते, आजोबा दिवाणावर होते. छोटी आजी डोक्यावर पदर घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जिजी, भाऊसले सांगा, हौद मी रिकामा करी देस."

मी फरशी पुसत राहिले.

आजोबा म्हणाले, "तिला सांग..."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "मी नव्हते तेव्हा जमलं होतं."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, वळणापर्यंत त्याचा आवाज येत राहिला. मग आजोबा दाराच्या चौकटीकडे बघत, घसा साफ करून म्हणाले, "कधीपर्यंत रिकामा होईल?"

आणि छोटी आजी, पदराचं टोक दातात धरून, जमिनीकडे बघत म्हणाली, "चार दिसमा पानी सरी जाई, भाऊ."

"मग गवंड्याला सोमवारी बोलावतो."

"बोलावा."

"तुझ्याकडची फरशी पण उखडावी लागेल."

"उखडा. पोरगाले फोन करी देस मी."

"हं."

झालं. तीन मिनिटंही लागली नसतील. पदर ढळला नाही, छत कोसळलं नाही. मला वाटत होतं की मी मधून सरकले तर हे दोघं अडतील, आणि अडले की त्यांना कळेल. कुणी अडलं नाही. मी हातातलं फडकं पिळलं आणि मोरीत टाकून आले.

ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. "जिजी, रागायेल शेत का?"

"हो."

"कितला दिस?"

"माहीत नाही."

तिनं मान हलवली, ओट्यावरची भांडी उगाच सरळ केली आणि गेली. आता रोज संध्याकाळी गवंड्याच्या कामाबद्दल ती आणि आजोबा अंगणात दोन वाक्यं बोलतात. ती तिच्या दारात, ते आमच्या. मला खिडकीतून ऐकू येतं. कधी ती काही सांगते आणि त्यांना नीट ऐकू येत नाही, कारण त्यांचा डावा कान अधू आहे आणि हे तिला माहीत नाही. चाळीस वर्षं मी ते सांभाळून घेत आले. मी काही बोलत नाही. ती पुन्हा सांगते, जरा मोठ्यानं.

रविवारी फोन कराल तेव्हा छोटी आजी हवी असेल तर सांगा. मी फोन तिच्या हातात नेऊन देईन आणि घरी परत येईन. तुमचं निम्मं तिला कळेल, तिचं निम्मं तुम्हाला. तेवढ्यात भागवा. तिला जे विचारायचं ते तिलाच विचारा, माझ्यामार्फत नको.